विभूती लावलेली पेटी

शिवाजी पेठेत तालमीच्या बोळातून थोडं आत गेलं की उजव्या हाताला एक गाळा लागायचा. पाटी होती ‘दानेश्वरी फोटो स्टुडिओ’. दानेश्वरी हे सोमशेखर यांच्या आईचं नाव. पण पाटी वाचून तिथं कुणी येत नसे. पोराचा शाळेचा फोटो असो की लग्नासाठी दाखवायचा पोरीचा, सगळे एवढंच म्हणायचे, सोमण्णाकडं जाऊन या.

सोमण्णा म्हणजे हेच सोमशेखर, उंच, किडकिडीत माणूस. सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा उरकली की कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून शटर वर करायचे. बोलणं बेताचं. फोटो काढतानासुद्धा ‘हसा’ म्हणायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. समोरचा माणूस वाट बघून कंटाळला, जरा सैल पडला, की बटण दाबायचे. त्यामुळं त्यांच्या फोटोत माणसं घरात असतात तशी दिसत. एक खोड मात्र होती. फोटोची कड त्यांना साफ लागायची. नवरानवरीच्या बाजूला कुणाचं कोपर आलं, कुणाच्या पदराचा काठ आला, की फोटो कटरखाली धरून तेवढी पट्टी उडवायचे. पेठेतल्या कितीतरी आत्या-मावश्या अशा कटरखाली गेल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांचा सोमण्णांवर कायमचा राग होता.

दर उन्हाळ्यात गणपतरावांची यात्रा निघे. गणपतराव पेठेतलेच. माणसं गोळा करून कधी काशीला, कधी श्रीशैलला, कधी रामेश्वरला न्यायचे. सोमण्णांनी सगळ्यांचे फोटो काढायचे आणि त्यांच्या जाण्या-येण्याचं, जेवणाखाण्याचं गणपतरावांनी बघायचं, असं ठरलेलं. ते फोटो मावंद्याच्या आधी घरी पोचले पाहिजेत, हा पेठेचा कायदा. यात्रेहून आलेलं माणूस गंगेची पूजा करून भाऊबंदांना जेवायला घालतं, ते मावंदं. तिथं पान मांडायच्या आधी फोटो हातोहात फिरायचे. फोटो नसला तर, खरंच गेलतीस का नुसतंच सांगतीस, असं विचारायला जावा टपलेल्याच असत.

रोलच्या दिवसांत ह्या सगळ्याची सुरुवात शांताक्कांच्या तव्यापाशी व्हायची. शांताक्का म्हणजे शांतादेवी, सोमण्णांची बायको. मूठभर तांदूळ कोरड्या तव्यावर भाजायचे, गार करायचे, मलमलीच्या पुरचुंड्यांत बांधायचे आणि फिरकीच्या झाकणाच्या पितळी डब्यात तळाला ठेवायचे. त्यावर रोल. तांदूळ ओल ओढून घेतात, मग रोल खराब होत नाहीत. झाकण घट्ट बसलं की शांताक्का डबा देवापुढं ठेवायच्या आणि त्यावर विभूतीची तीन बोटं ओढायच्या. नव्वद सालापासून तो डबा निम्मा हिंदुस्थान फिरून आला. शांताक्का मात्र पन्हाळ्याच्या पुढं गेल्या नाहीत. आधी सासूबाईंचं दुखणं, मग लेकीची, प्रेरणाची शाळा, मग तिचं कॉलेज. शिवाय कुणीतरी शटर उघडायला हवंच. त्यांनी कधी तक्रार केली नाही. देव घरात आहेच, असं म्हणायच्या आणि तसं मानायच्यासुद्धा. पण फोटो धुऊन आले की एकेक हातात घेऊन बघत बसायच्या. कुठल्या घाटावर कोण उभं आहे ते त्यांना पाठ होतं.

दोन हजार पाचच्या दिवाळीत सोमण्णांनी डिजिटल कॅमेरा घेतला. त्याआधी दोन वर्षं त्याला नावं ठेवून झाली होती. कॅमेऱ्याच्या पोटात पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड. लग्नकार्याला काही अडचण नव्हती, कार्ड भरलं की घरी येऊन कॉम्प्युटरवर रिकामं करायचं. अडचण उभी राहिली ती पुढच्या उन्हाळ्यात, गणपतरावांनी केदार-बद्रीची यात्रा जाहीर केली तेव्हा. चाळीसेक माणसं, तीन आठवडे, आणि कार्डं दोन. ती भरली की ओतायची कुठं?

सल्ले द्यायला पेठेत कधी माणूस कमी पडत नाही. कुणी म्हणालं, आणखी कार्डं घ्या. तेव्हा कार्डं म्हणजे सोन्याच्या भावात. कुणी म्हणालं, गावोगावी थांबून सीडी करून घ्या. गणपतरावांनी सगळ्यात सोपा उपाय काढला, फोटो कमी काढा. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेली प्रेरणा फोनवर म्हणाली, माझा लॅपटॉप न्या अप्पा. त्यावर सोमण्णा म्हणाले की डोंगरात मी म्हाताऱ्यांना धरू का त्याला धरू? मग तिनंच सांगितलं, की नुसते फोटो साठवायची लहान पेटी निघाली आहे. आत कॉम्प्युटरसारखी डिस्क. कार्ड तिच्या खाचेत घालायचं, बटण दाबायचं, फोटो पेटीत उतरतात, कार्ड पुसून पुन्हा वापरायला मोकळं.

राजारामपुरीत विश्वजितचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सोमण्णा तिकडं निघाले तेव्हा शांताक्काही बरोबर गेल्या. त्यांना जायचं होतं महाद्वार रोडला, पण पेटी बघायचीही होती. विश्वजितनं काउंटरवर दोन पेट्या ठेवल्या. एक काळी, साबणाच्या डबीएवढी, तिला नुसता एक हिरवा दिवा. पोटात जागा भरपूर, आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारी. दुसरी महाग, जागा निम्मीच, पण तिला तळहाताएवढा स्क्रीन. उतरलेला फोटो लगेच बघता येतो. मात्र तिची बॅटरी आतली. रोज वीज मिळाली पाहिजे, आणि स्क्रीन बघत बसलं की ती भराभर उतरते.

सोमण्णांनी दोन्ही पेट्या हातात घेऊन, वांगी निवडताना बघतात तशा उलट्यापालट्या करून बघितल्या. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, वीज मिळत नाही, एवढा विचार त्यांना पुरे होता. शांताक्कांनी विश्वजितला एकच गोष्ट विचारली. काळ्या पेटीत फोटो पोचले हे कसं कळायचं? विश्वजित म्हणाला, दिवा लुकलुकायचा थांबला की पोचले.

“दिवा काय रं, लागतोय आन् विझतोय,” शांताक्का म्हणाल्या. “माणूस दिसला पायजे की.”

सोमण्णांनी काळी घेतली. शांताक्का महाद्वार रोडकडं वळल्या. ज्याचं काम त्याला ठाऊक.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला बाळासो आणि धोंडुबाई राहायचे. मूळचे राधानगरीकडचे, पण पेठेत येऊन त्यांना दोन पिढ्या झाल्या होत्या. घरासमोर चार म्हशींचा गोठा, आणि निम्म्या बोळाला दूध त्यांचंच. बाळासोंना सगळे आबा म्हणत. केदारच्या यात्रेत पहिली दोन नावं ह्या जोडप्याची होती. आबांनी किती वर्षं मनात धरलेलं, की दूध घालणं पोराच्या हाती गेलं की केदारनाथाला जायचं. आणि निघायला महिना राहिला असताना गोठ्यात शेणावरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी खिळा घातला आणि सांगितलं, आता खाट.

धोंडुबाईंनी आपलंही नाव काढायला सांगितलं. तुम्हाला टाकून मी कुठली जाते, म्हणाल्या. त्यावर आबा खाटेवरून इतके ओरडले, की म्हशीसुद्धा उठून उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी सोमण्णा आणि शांताक्कांना बोलावून घेतलं. सून मोनानं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

आबा शांताक्कांना म्हणाले, की तुम्ही हिच्या संगं गेलात तर ही जाईल. माझं तिकीट काढलेलं आहे, ते तुमचं. मग सोमण्णांकडं मान वळवली.

“माझ्यानं आता केदार हुईत न्हाय. ही दारात उभी ऱ्हायली म्हंजी मी उभा ऱ्हायल्यागत. पर त्ये मला डोळ्यानं बघाय पायजे, सोमण्णा. तुमचं फोटूचं कागद निघणार, मावंदं हुणार, तवर माझा काय भरवसा द्यायचा? तुमी आल्या पावली हितं यायचं आन् मला दावायचं.”

सोमण्णांनी मान हलवली. वचन देणं वगैरे त्यांना जमायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शटर न उघडता काळी पेटी घेऊन राजारामपुरीला गेले. घेतलेला माल परत करायची पद्धत नव्हती, पण विश्वजितच्या साखरपुड्याचे फोटो सोमण्णांनीच काढले होते. येताना स्क्रीनची पेटी घेऊन आले. शांताक्कांनी विचारलं, डोंगरात विजेचं काय? बघू, म्हणाले. आबांचं नावही काढलं नाही. शांताक्काही मग तांदूळ निवडायला बसल्या. हसू येत होतं ते ताटाकडं बघून हसल्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी नवी पेटी देवापुढं ठेवली. घरात नवी वस्तू आली, मग ती शिलाई मशीन असो की मिक्सर, की तिला विभूती लावल्याशिवाय वापरायची नाही. आणि ही तर केदारला निघालेली. केदार म्हणजे त्यांच्या वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक. शांताक्कांनी डोळे मिटून, नेहमीपेक्षा जरा जास्तच विभूती बोटांवर घेऊन, पेटीच्या माथ्यावर तीन पट्टे ओढले. सांडलेली उगाच वाया का घालवायची म्हणून तीसुद्धा हातानं पुसून पेटीलाच लावली. कार्ड घालायची खाच माथ्यावरच होती. पितळी डब्याला घट्ट झाकण होतं, ह्या पेटीला नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं? पितळी डबा तेवढा फळीवर राहिला.

हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढं बस. हरिद्वारला सोमण्णांनी पहिल्यांदा कार्ड पेटीत घातलं. फोटो उतरले. धर्मशाळेच्या ओट्यावर सगळी यात्रा त्यांच्याभोवती जमली. जो तो स्वतःला बघायला मागे. धोंडुबाईंनी स्क्रीन डोळ्यांशी धरून विचारलं, मी एवढी काळी हाय व्हय? सोमण्णा म्हणाले, ऊन हाय मावशी. मग गणपतरावांचा तसाच काळा फोटो आला, तेव्हा ह्यात तर ऊन न्हवतं, असं मागून कुणीतरी म्हणालं. बॅटरी उतरली तेव्हा कुठं माणसं उठली.

शांताक्का घरातून पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या. सगळ्याकडं बघत होत्या. गंगेचं पाणी इतकं गार असतं हे त्यांना कुठल्या फोटोत कळलं नव्हतं. सोमण्णांना तर रोल संपायची भीती राहिली नव्हती, ते सारखं बटण दाबत होते. ऋषिकेशचा झुला, देवप्रयागचा संगम, एकेक माणूस, जोडी, घोळका. दोन्ही कार्डं पुन्हा भरली. रुद्रप्रयागच्या पुढं वळवाचा पाऊस लागला. बसच्या खिडक्या गळत होत्या, पिशव्या दमट झाल्या. संध्याकाळी गुप्तकाशीला धर्मशाळेत पोचल्यावर सोमण्णांनी कार्ड पेटीत घातलं. पेटी म्हणाली, कार्ड नाही.

काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. कार्ड नाही. दुसरं घातलं. तेच. सोमण्णांनी टॉर्च लावून खाचेत बघितलं, मग काच पुसायच्या ब्रशाचं टोक आत घालून फिरवलं. टोकाला पांढरं, भिंतीच्या चुन्यासारखं काहीतरी लागून आलं. त्यांनी वास घेतला आणि शांताक्कांकडं बघितलं.

 शांताक्कांना काही सांगावं लागलं नाही. विभूती आत झिरपली, पावसाच्या ओलीनं भिजली आणि घट्ट बसली.

“अगं, कपाळाला लावायची ती तू ह्याच्या तोंडात भरलीस,” सोमण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. “आता त्ये बोलंल कसं?”

शांताक्कांनी आचाऱ्याकडून कोरडे तांदूळ आणले आणि पेटी त्यात पुरून ठेवली. ओल निघाली तशी राख आणखी टणक झाली. गणपतराव बाजारात फोटोच्या दुकानात जाऊन आले. वाऱ्यानं खांब पडलेले, दोन दिवस गावात वीज नव्हती. बसमध्ये दुसरा कॅमेरा नव्हता. सोमण्णा आहेत म्हटल्यावर पेठेतलं कुणी आणायचंच नाही. आणि सकाळी गौरीकुंड, तिथून केदार. दोन्ही कार्डं गच्च, आणि केदारला जागा नाही.

दिवेलागणीला सोमण्णा कंदिलापाशी कॅमेरा घेऊन बसले आणि एकेक फोटो पुसू लागले. आधी डोंगर गेले. मग नद्या, झुला, ढग. मग एकाच माणसाचे दोन असतील त्यातला एक. तरी भागेना. केदारच्या दारात प्रत्येकाचा एक, शिवाय धोंडुबाईंचे चार-पाच तरी हवेत. एखाद्यात डोळे मिटतात. शांताक्का शेजारी बसून बघत होत्या. त्यांच्या ध्यानात आलं, की काही ठिकाणी सोमण्णांचं बोट न पुसताच पुढं पळतंय.

त्यांनी विचारलं, ती कुणाची हायत? सोमण्णा म्हणाले, हायत अशीच.

शांताक्कांनी कॅमेरा हातातून काढून घेतला आणि बटण मागं दाबलं. त्या स्वतःच होत्या. हरिद्वारला द्रोणात फूल ठेवताना. हरिद्वारचे फोटो आधीच पेटीत उतरले होते, पण त्यातला एक सोमण्णांनी कार्डावर ठेवूनच दिला होता. बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या, तोंड उघडं. देवप्रयागला संगमाकडं बघत उभ्या, पदर वाऱ्यानं मागं गेलेला आणि कुणी बघतंय ह्याचं भान नसलेल्या. शेंगा सोलताना. धोंडुबाईंच्या वेणीला गाठ मारताना. पुढं दाबत गेल्या तसतशा त्याच येत गेल्या. लग्न झाल्यापासून सोमण्णांनी शेकडो बायकांचे फोटो काढले. आपला काढावा असं शांताक्का कधी म्हणाल्या नव्हत्या आणि ते आपणहून काढतील असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. आपण लांबून अशा दिसतो, हे त्यांनी त्या कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं. त्यांना बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

मग त्यांनी कॅमेऱ्याच्या बटणांवरून बोट फिरवलं.

“पुसायचं कुठलं बटण?” शांताक्कांनी विचारलं.

सोमण्णा म्हणाले, राहू दे, मी संगमावरचे घोळक्याचे काढतो. शांताक्का म्हणाल्या, ते लोकांचे आहेत, लोकांना मावंद्याला लागतात. ह्याच्यात कुणाचं मावंदं अडतंय? आणि पेटी बिघडवली मी, मग भरपाई धोंडामावशीनं का करायची?

“एक ठेव,” सोमण्णा म्हणाले. “संगमाचा तेवढा.”

शांताक्कांनी तो फोटो परत लावला, बराच वेळ बघितला. “मी काय कुठं चाल्ली?” त्या म्हणाल्या. “परत काढा की.” आणि सोमण्णांनी दाखवलेलं बटण त्यांनी स्वतःच दाबत नेलं. शेंगा गेल्या, झोप गेली, फूल गेलं. संगमाचा फोटो सगळ्यात शेवटी गेला. मग कॅमेरा नवऱ्याच्या हातात देऊन त्या धोंडुबाईंच्या पायाला तेल लावायला निघून गेल्या.

केदारला पोचले तेव्हा वारा असा सुटला होता, की घंटा आपल्या आपण वाजत होत्या. धोंडुबाई डोलीतून आल्या, शांताक्का डोलीच्या बाजूनं चालत. दर्शन झालं. आत पूजेचे बोल ऐकताना शांताक्कांना माहेरच्या मठातली सकाळ आठवली. देवाकडं काही मागायला त्या विसरूनच गेल्या. आठवलं ते बाहेर आल्यावर, आणि तेव्हा एवढंच मागितलं, की आजचं कार्ड धड राहू दे.

मग सोमण्णांनी एकेकाला मंदिराच्या पुढं उभं केलं. धोंडुबाईंची पाळी आली तर म्हातारी वाऱ्यानं हलायला लागली. अनवाणी पाय, खाली फरशी बर्फासारखी. शांताक्का धावल्या, मागून त्यांची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि स्वतः खाली वाकल्या, म्हणजे फोटोत यायला नको. सोमण्णांचा हात सवयीनं वर गेला, कडेच्या माणसाला सरका म्हणून सांगतात तसा. तो हात तसाच खाली आला. त्यांनी बटण दाबलं.

पुढं जोशीमठला वीज होती. तिथल्या दुकानात कार्डावरचे फोटो सीडीवर घेतले, एक कार्ड मोकळं केलं आणि बद्रीचं निभावलं. धोंडुबाईंचं कार्ड मात्र पुसलं नाही. ते शांताक्कांनी फडक्यात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवलं. धोंडुबाई म्हणाल्या, अंगारा लाव की थोडा. शांताक्का म्हणाल्या, आता मनातनंच लावलाय.

कोल्हापूरला गाडी सकाळी आली. सोमण्णा घरी न जाता रिक्षानं थेट राजारामपुरीला गेले. विश्वजितनं पेटी उघडून खाच साफ केली आणि ही राख कुठनं आली म्हणून विचारलं. सोमण्णा म्हणाले, केदारहून. मग बोळात आले. धोंडुबाई आणि शांताक्का दारातच थांबल्या होत्या. धोंडुबाईंनी अजून उंबरा ओलांडला नव्हता. फोटो आधी, मग मी, म्हणाल्या.

आबा वाळले होते. मोनानं त्यांना उशी लावून बसवलं, चष्मा पुसून दिला. सोमण्णांनी कार्ड खाचेत घातलं. उतरायला वेळ लागतो तेवढा लागला. म्हशीला पाणी दाखवायचं सोडून पोरगाही आत येऊन उभा राहिला. मग स्क्रीन उजळला, आणि त्यात देऊळ, ढग, आणि मधोमध धोंडुबाई.

आबांनी पेटी दोन्ही हातांत धरली. नाकाशी नेली. कपाळाला लावली, पुन्हा नाकाशी नेली. कुणाला वाटलं रडतील, कुणाला वाटलं हर हर महादेव म्हणतील.

“पायात काय न्हाय व्हय गं तुझ्या?” ते दाराकडं बघून म्हणाले. “गारठलीस की.”

“देवाच्या दारात पायताण घालत्यात व्हय,” धोंडुबाई म्हणाल्या आणि आत आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. आबांनी एका हातात पेटी धरून दुसऱ्या हातानं त्यांचा पाय चाचपला, अजून गार आहे का बघायला.

मग पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. “आन् ही तुझ्या मागं वाकल्याली कोण?”

शांताक्का चटकन पुढं झाल्या. धोंडुबाईंच्या कमरेशी दोन हात, आणि त्यामागून अर्धं तोंड, वाऱ्यानं विस्कटलेले केस, वर कॅमेऱ्याकडं नाही तर धोंडुबाईंकडं बघणारे डोळे. त्यांना वाटलं होतं आपण पूर्ण लपलोय.

त्या सोमण्णांना हळूच म्हणाल्या, की कागद काढताना मला कापून टाका. सोमण्णा पेटीची वायर गुंडाळत होते, ती गुंडाळत राहिले.

आठ दिवसांनी धोंडुबाईंचं मावंदं झालं. आबांची खाट सोप्यात आणून ठेवली होती, म्हणजे पंगत त्यांना दिसेल. गंगेची पूजा झाली, आणि पानं मांडायच्या आधी फोटो फिरायला लागले. केदारचा फोटो मोठा काढला होता, काचेत घालून. तो चिमणाबाईंच्या हातात आला तोवर पानं मांडून झाली होती. चिमणाबाई म्हणजे आबांची धाकटी बहीण, भाच्याच्या लग्नात कटरखाली गेलेली. त्यांनी फोटो नीट बघितला, कडा बघितल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “का वं सोमण्णा, आमी कडंला आलो की कापता. आन् बायको आली की न्हाय व्हय?”

पंगत हसली. शांताक्का खिरीचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्या मान खाली घालून वाढायला लागल्या.

सोमण्णांनी फोटो चिमणाबाईंच्या हातातून घेतला, जरा लांब धरून बघितला, आणि आबांच्या खाटेवर परत ठेवला.

“कडंला कुठं हाय ती?” ते म्हणाले.